ब्रिक्स्टनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीवर कला-कार्यक्रम : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर आला की दक्षिण लंडनमधल्या वाचनालयांत आणि सभागृहांत कृष्णवर्णीय इतिहासावर काही ना काही सुरू असतं. बरेचसे कार्यक्रम एकाच साच्यातले असतात. भिंतीवर चार-पाच थोर स्त्रियांची चित्रं, खाली प्रत्येकीची पाच ओळींत माहिती, एक भाषण, मग समोसे. लोक येतात, फोटो काढतात आणि जातात.

इथे दिलेली आखणी वेगळी आहे. अर्ध्या दिवसाचा, तीस-पस्तीस माणसांचा कार्यक्रम. लोक एक ठरावीक रस्ता पायी चालतात, त्या रस्त्यावर काम केलेल्या बायकांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकतात आणि आधीच्या बैठकांत सगळ्यांनी मिळून शिवलेला कापडी फलक शेवटी टांगला जातो. उदाहरण दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनचं आहे, कारण तिथली कागदपत्रं सार्वजनिक संग्रहांत बघायला मिळतात आणि जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर तुमच्या भागातला विषय घ्या. साउथॉलमध्ये १९७९ मध्ये स्थापन झालेली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही स्त्रियांची संघटना आहे, मँचेस्टरच्या मॉस साइडमध्ये अबासिंदी को-ऑपरेटिव्ह ही कृष्णवर्णीय स्त्रियांची संस्था होती, विल्सडनमध्ये जयाबेन देसाईंनी गाजवलेला ग्रनविक या फिल्म धुणाऱ्या कारखान्यातला १९७६ ते ७८ चा संप झाला. रीत तीच राहते. तयारीला सोळा आठवडे धरा. आठ आठवड्यांतही जमतं, पण तेव्हा अनुदान हाती येत नाही.

आधी विषय लहान करा

एक रस्ता, एक गट, एक दशक. 'ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा लढा' हा विषय अर्ध्या दिवसात मावत नाही. 'रेल्टन रोड, ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप, १९७० चं दशक' हा मावतो.

शोधायला बसलात की ऑलिव्ह मॉरिस हे नाव सगळीकडे समोर येईल. जन्म जमैकात, १९५२. नवव्या वर्षी लंडनला आली. ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीत काम केलं. १९७३ मध्ये १२१ रेल्टन रोड ही रिकामी इमारत मैत्रिणीच्या साथीने ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप सुरू करणाऱ्यांत ती होती. मग पदवीसाठी मँचेस्टर, तिथेही संघटना. १९७८ मध्ये स्टेला डॅडझी आणि इतर जणींबरोबर ओवाड ही देशभरातल्या गटांना जोडणारी संघटना उभी केली. १२ जुलै १९७९ रोजी कर्करोगाने तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती २७ वर्षांची होती. ब्रिक्स्टन ज्या हद्दीत येतं त्या लॅम्बेथ कौन्सिलने १९८६ मध्ये ब्रिक्स्टन हिलवरच्या आपल्या कार्यालयाला तिचं नाव दिलं. ती इमारत पुढे पाडली गेली. २००९ मध्ये निघालेल्या ब्रिक्स्टन पाउंड या स्थानिक चलनाच्या एकच्या नोटेवर तिचा चेहरा होता.

एवढं साहित्य हाताशी असलं की फक्त तिचंच मोठं चित्र रंगवायचा मोह होतो. तो आवरा. गटाचं काम रोजचं, चिवट आणि बिनचेहऱ्याचं होतं. 'स्पीक आउट' नावाचं वार्तापत्र काढायचं, सबार हे पुस्तकांचं दुकान चालवायचं, बैठकीच्या वेळी मुलं कोण सांभाळणार ते ठरवायचं, निव्वळ संशयावरून तरुणांना अटक करू देणाऱ्या 'सस' कायद्याविरुद्ध लोक जमवायचे, कृष्णवर्णीय मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत ढकलणाऱ्या पद्धतीविरुद्ध पालकांना उभं करायचं, कृष्णवर्णीय बायकांना सर्रास टोचल्या जाणाऱ्या डेपो-प्रोव्हेरा या गर्भनिरोधक इंजेक्शनाबद्दल सावध करायचं. हे सगळं एका चेहऱ्यात दिसत नाही. तीस जणांनी शिवलेल्या कापडात थोडंफार दिसतं, म्हणून इथे फलक निवडला आहे. गटाशी जोडलेला मेरी सीकोल क्राफ्ट ग्रुप हा बायकांचा हस्तकलेचाच गट होता, हे दुसरं कारण.

आपला धागा, आणि त्याची मर्यादा

ओवाडचं पूर्ण नाव ऑर्गनायझेशन ऑफ विमेन ऑफ आफ्रिकन अँड एशियन डिसेंट. वसाहतींतून आलेल्या आशियाई बायकाही त्या काळात 'ब्लॅक' याच राजकीय नावाखाली एकत्र येत. १९७९ च्या सुरुवातीला बातमी फुटली की लग्नासाठी भारतातून आलेल्या एका शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर 'कौमार्य चाचणी' करण्यात आली. त्याविरुद्ध ओवाडच्या आणि आवाझ या आशियाई गटाच्या बायकांनी हीथ्रोवर निदर्शनं केली. मराठी प्रेक्षकांना बोलावताना हा प्रसंग पत्रकात जरूर घ्या. आपण तिऱ्हाइताच्या इतिहासात आलो आहोत असं मग वाटत नाही.

यापुढे मात्र हात आखडता ठेवा. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि महत्त्वाच्या आहेत. पण त्यांना प्रदर्शनाचा एक कोपरा द्यावा, सगळा कार्यक्रम देऊ नये. स्थानिक बायकांशी पहिल्या भेटीत 'आमच्याकडेही अगदी असंच' हे वाक्य तर तोंडातून निघूच देऊ नका. समोरची तिचं सांगत असते आणि आपण मध्येच आपलं लावतो. तिथेच गप्पा आटतात.

पहिले चार आठवडे : माणसं आणि कागद

सभागृह नंतर. आधी दोन भेटी.

पहिली भेट विंडरश स्क्वेअरवरच्या ब्लॅक कल्चरल अर्काइव्हजची. संस्था १९८१ ची, सध्याच्या इमारतीत २०१४ पासून. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या मौखिक इतिहासाच्या मुलाखती आणि स्टेला डॅडझी यांची कागदपत्रं इथे आहेत. दुसरी भेट लॅम्बेथ अर्काइव्हजची. तिथे ऑलिव्ह मॉरिस संग्रह आहे, त्याचा क्रमांक आयव्ही २७९. रिमेंबरिंग ऑलिव्ह कलेक्टिव्ह या गटाने मुलाखती घेऊन आणि मैत्रिणींकडचे कागद गोळा करून तो उभा केला. जुन्या लेखांत लॅम्बेथ अर्काइव्हजचा पत्ता मिनेट लायब्ररीचा सापडतो. संग्रह तिथून हलला आहे, तेव्हा निघण्याआधी कौन्सिलच्या पानावरचा पत्ता आणि वेळ तपासा.

दोन्हीकडे आधी वेळ घ्यावी लागते. कोणत्या क्रमांकाचे कागद हवेत ते आगाऊ कळवलं तर जाताक्षणी टेबलावर तयार मिळतात, नाहीतर पहिला तास वाट बघण्यात जातो. सोबत फक्त पेन्सिल; पेन, पाण्याची बाटली, डबा बाहेर. मोबाइलवर फोटो काढायचा तर फॉर्म भरावा लागतो, आणि तो फोटो फक्त तुमच्या अभ्यासापुरता असतो. फलकावर, पत्रकात किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचा तर वेगळी परवानगी लागते. प्रत्येक फोटोच्या नावात संग्रहाचा क्रमांक, पेटीचा क्रमांक आणि कागदाची तारीख लिहा. दोन महिन्यांनी नुसत्या 'आयएमजी ४०३२' वरून कागद पुन्हा सापडत नाही.

नवखे लोक सर्वात जास्त अडकतात ते छायाचित्रांवर. ऑलिव्ह मॉरिसची गाजलेली छायाचित्रं ठरावीक छायाचित्रकारांची आहेत आणि त्यांवर हक्क आहेत. ब्रिटनमध्ये छायाचित्रावरचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. छायाचित्र गूगलवर सापडलं म्हणून ते मोकळं होत नाही. परवानगीसाठी सहा आठवडे हाताशी ठेवा, आणि ती मिळणार नाही असं धरूनच आराखडा करा. फलकावर चेहऱ्याऐवजी रस्त्याचा नकाशा, घराचा क्रमांक, वार्तापत्राचं नाव, मोर्चातली घोषणा घेतली की हा प्रश्नच उरत नाही, शिवायलाही सोपं जातं.

कागदांइतकीच माणसं महत्त्वाची. त्या काळात विशीत असलेल्या बायका आज सत्तरीत आहेत, आणि त्यांच्याकडे दर ऑक्टोबरला डझनभर मंडळी 'थोडं बोलाल का' म्हणून येतात. म्हणून विनंतीतच चार गोष्टी लिहा : तारीख, किती मिनिटं बोलायचं, मानधन किती, आणण्या-पोचवण्याची सोय काय. मानधन नाही असं कळवण्यापेक्षा वक्त्यांची संख्या कमी करा. नियोजनाच्या गटात निम्म्याहून अधिक जागा ब्रिक्स्टनमधल्या कृष्णवर्णीय बायकांच्या हव्यात, आणि तीही नुसती नावापुरती बाब नको. तारीख, रस्ता आणि फलकावरचा मजकूर त्यांनी ठरवला पाहिजे. असा गट जमत नसेल तर स्वतःचा कार्यक्रम बाजूला ठेवा आणि एखाद्या चालू कार्यक्रमात खुर्च्या लावायला जा. पुढच्या वर्षी दार आपोआप उघडतं.

तारखेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : ऑक्टोबर टाळा. ब्रिटनमध्ये १९८७ पासून तो कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना आहे आणि वक्ते, सभागृहं, अर्काइव्हजच्या वेळा सगळं आधीच भरलेलं असतं. जूनचा शेवट किंवा जुलै बरा. उजेड भरपूर असतो, चालणं सुखाचं होतं, आणि ऑलिव्ह मॉरिसची जन्मतारीख (२६ जून) व स्मृतिदिन दोन्ही त्याच सुमाराला येतात.

रस्ता : पाच थांबे, नव्वद मिनिटं

एकूण अंतर साधारण अडीच किलोमीटर. १८ हून जास्त माणसं एका गटात घेऊ नका. पस्तीस असतील तर दोन गट करा आणि वीस मिनिटांच्या अंतराने सोडा. पुढे सांगणारी एक, सर्वात मागे एक स्वयंसेवक. मागचा माणूस नसला की सिग्नलला गट तुटतो आणि निम्म्या लोकांना पुढचा थांबा सापडत नाही.

पहिला थांबा विंडरश स्क्वेअर. इथेच चेरी ग्रोस यांचं २०२१ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये पोलिसांनी घरात घुसून त्यांना गोळी घातली होती. शेजारी ब्रिक्स्टन लायब्ररी आहे, स्वच्छतागृहाचा प्रश्न निघण्याआधीच सोडवून घ्या.

दुसरा थांबा अटलांटिक रोड. १५ नोव्हेंबर १९६९ रोजी इथल्या डेस्मंड्स हिप सिटी या रेकॉर्डच्या दुकानाबाहेर क्लेमंट गोमवॉक या नायजेरियन राजनैतिक अधिकाऱ्याला पोलिसांनी गाडी चोरल्याच्या संशयावरून धरलं, जमाव जमला, आणि त्या गोंधळात सतरा वर्षांच्या ऑलिव्ह मॉरिसला अटक आणि मारहाण झाली. इथे सांगणाऱ्याने सावध राहावं. एका हकिकतीत ती गोमवॉकला मारणाऱ्या पोलिसांच्या मध्ये पडते; तिच्या स्वतःच्या निवेदनात ती पोचेपर्यंत त्याला गाडीतून नेलेलं असतं. दोन्ही हकिकती लोकांसमोर ठेवा. नाट्यमय तेवढीच सांगितली तर गर्दीतलं कुणीतरी जाणकार टोकणारच, आणि टोकलं तर ते योग्यच असेल.

अटलांटिक रोडची खरी अडचण आवाजाची. रस्त्यालगत रेल्वेचा पूल आहे, खाली बाजार. शनिवारी दुपारी तिथे तीन हातांवरचंही ऐकू येत नाही. रविवारी सकाळी साडेदहाला निघा. छोटा कमरेला लावायचा स्पीकर घ्या, पण आगगाडी येताना दिसली की सरळ थांबा. तिच्यावर ओरडून कोणाचंच काही होत नाही.

तिसरा थांबा १२१ रेल्टन रोड. लोक राहतात तिथे, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं, घंटा वाजवायची नाही, खिडक्यांवर कॅमेरा रोखायचा नाही. हीच इमारत पुढे १९९९ पर्यंत अराजकवादी गटांचं केंद्र होती, त्यामुळे त्या जुन्या छायाचित्रांतलं घर आणि गटाचं घर यांची गल्लत होते. साल तपासून घ्या. चौथा थांबा थोडा पुढे, १६५ रेल्टन रोड. 'रेस टुडे' या कृष्णवर्णीय चळवळीच्या मासिकाचं काम इथून चाले आणि वरच्या मजल्यावर लेखक-इतिहासकार सी. एल. आर. जेम्स राहत. भिंतीवर निळी पाटी आहे. पाच मिनिटांत उरका, नाहीतर चर्चा पुरुषांवर घसरते आणि तिथेच रेंगाळते.

शेवटचा थांबा ७ ग्रेशम रोड. तेव्हाचं अबेंग सेंटर. मार्च १९७९ मध्ये ओवाडची पहिली परिषद इथे भरली, अडीचशेहून जास्त बायका आल्या. आजही ती वास्तू कृष्णवर्णीय समाजाच्या संस्थेकडे आहे. कार्यक्रमाचा बंदिस्त भाग इथे किंवा चालत पाच मिनिटांच्या आतल्या सभागृहात ठेवा. ज्यांना आणखी चालायचं असेल त्यांना दुपारी स्टॉकवेलला न्या : ४१ स्टॉकवेल ग्रीनवर गटाचं केंद्र होतं, आणि स्टॉकवेलच्या स्मारक उद्यानात २००८ मध्ये बसवलेला दहा फुटी 'ब्रॉन्झ वुमन' हा पुतळा आहे.

आठवडाभर आधी हाच रस्ता बाबागाडी किंवा व्हीलचेअर घेऊन, घड्याळ लावून चाला. खोदकाम चालू असलेला फुटपाथ कागदी नकाशात दिसत नाही.

फलक : मोजमापं आणि कुठे बिघडतं

तयार आकार १८० सेंमी रुंद आणि १२० सेंमी उंच. ३० सेंमीचे २४ चौकोन, आडवे सहा आणि उभे चार. यापेक्षा मोठा केला तर दोन माणसांना वाऱ्यात पेलत नाही.

कापड न रंगवलेलं मांजरपाट, १५० सेंमी पन्ह्याचं, पाच मीटर. तीन मीटर चौकोनांसाठी, दोन मीटर पाठीमागच्या अस्तराला. आणल्याबरोबर गरम पाण्यात धुवा आणि इस्त्री करा. मांजरपाट पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं. न धुता शिवलं आणि पुढे कधी पावसात भिजलं तर चौकोन आटतात, वर लावलेलं फेल्ट आटत नाही, आणि सगळा फलक फुगतो.

चौकोन ३३ सेंमीचे कापा, चारही बाजूंनी दीड सेंमी शिलाईसाठी. ही कड पेन्सिलने आखून द्या आणि शिवाय तोंडीही सांगा : 'रेघेच्या बाहेर काही नको.' तरी दर बैठकीत दोन-तीन जणी अगदी काठापर्यंत अक्षरं भरतात आणि जोडताना शेवटचं अक्षर शिलाईत जातं. म्हणून आखलेल्या रेघेच्या आत आणखी दोन सेंमीवर फिकी तुटक रेघ काढा. अक्षरं तिच्या आत.

चोवीस हवे असतील तर तीस कापा. घरी पूर्ण करायला नेलेले सगळे चौकोन परत येत नाहीत. शक्यतो घरी देऊच नका, तीन तासांच्या दोन बैठका ठेवा.

प्रत्येक चौकोनाला एकच गोष्ट : एक पत्ता, एक तारीख, एका मागणीचे तीन-चार शब्द. दहा पावलांवरून वाचता यावं म्हणून मुख्य अक्षरं आठ सेंमीपेक्षा लहान नकोत. ३० सेंमीत त्या उंचीची पाच-सहा अक्षरं बसतात, म्हणजे 'स्पीक आउट' दोन ओळींत. इंग्रजी अक्षरांसाठी पुठ्ठ्याचे साचे आधीच कापून ठेवा. मराठीत किंवा पंजाबीत, बंगालीत कोणाला चौकोन करायचा असेल तर जरूर करू द्या. ओवाडमध्ये आशियाई बायका होत्याच. फक्त देवनागरी फेल्टमध्ये कापताना मात्रा-वेलांट्या सुट्या पडतात, म्हणून ती अक्षरं दोऱ्यानेच भरा.

अक्षरं फेल्टची. मागे इस्त्रीने चिकटणारा जाळीदार कागद लावून आधी कापडावर बसवा, मग कडेने काजटाका. नुसतं चिकटवून सोडलं तर गुंडाळताना कोपरे उलतात. ज्यांना शिवणाची सवय नाही त्यांच्यासाठी धावदोरा पुरे. सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्याचे तीनच पदर घ्यायला शिकवा, सहाच्या सहा ओवायला गेलं की सुईच्या नेढ्यापाशीच अर्धा तास जातो. ज्या मराठी घरांत गोधडी शिवली जाते तिथल्या आज्यांना पाठीमागचं अस्तर धावदोऱ्याने टाचायला बसवा. भाषेची अडचण असलेल्या बाईलाही इथे पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसावं लागत नाही.

साहित्याचा हिशेब पंधरा जणांच्या एका बैठकीसाठी : सुया ३० (निम्म्या मोठ्या नेढ्याच्या), कात्र्या आठ, त्यातल्या दोन डावखुऱ्यांच्या, दोऱ्याच्या लड्या २०, फेल्टचे ए-४ तुकडे ३०, टाचण्या, अंगुस्तानं, एक इस्त्री. इस्त्रीजवळ एकच माणूस नेमा. फेल्ट ॲक्रिलिकचं असेल तर वरून सुती फडकं ठेवल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, वितळून इस्त्रीला चिकटतं आणि पुढचे चार चौकोन काळे होतात.

जोडणी मशीनवर, एकाच अनुभवी हाताने. आधी सहा-सहा चौकोनांच्या चार पट्ट्या. पहिल्या पट्टीच्या शिलाया उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे, असं आलटून-पालटून इस्त्रीने पाडा. मग पट्ट्या जोडताना सांधे एकमेकांत बसतात आणि चौकात गाठ होत नाही. पट्ट्या कोणत्या क्रमाने लावायच्या ते जमिनीवर मांडून, फोटो काढून ठरवा. अस्तर लावल्यावर वरच्या बाजूला दहा सेंमीची नळी शिवा, तीत बांबू जातो. खालच्या कडेत हलकी लाकडी पट्टी घातली की फलक सरळ पडतो. अस्तराच्या खालच्या कोपऱ्यात शिवणाऱ्या सगळ्यांची नावं आणि साल, ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांचंच.

आवाज

संग्रहातल्या मुलाखतींचे तुकडे वाजवायचे असतील तर अर्काइव्हजची परवानगी लेखी घ्या. प्रत्येक तुकडा दोन ते तीन मिनिटांचा, एकूण चारच. त्याहून लांब झालं की लोक फोन काढतात. बोललेलं मोठ्या अक्षरांत छापून हातात द्या. जमैकन लकबीचं इंग्रजी नव्याने आलेल्यांना पहिल्या झटक्यात पकडता येत नाही, आणि कमी ऐकू येणाऱ्यांचीही सोय होते.

स्वतः मुलाखत घेणार असाल तर ती कार्यक्रमाच्या आधी महिनाभर, शांत खोलीत. रेकॉर्डर तोंडापासून २० ते ३० सेंमीवर, एमपी-३ ऐवजी वेव्ह फाइल. स्वयंपाकघर टाळा, फ्रिजची घरघर बसल्या जागी जाणवत नाही, मुद्रणात मात्र शेवटपर्यंत राहते. एका तासाचं बोलणं उतरवायला पाच ते आठ तास लागतात, ते काम आधीच कोणाला तरी वाटून द्या.

संमती दोनदा. मुलाखतीआधी : हे कशासाठी, कुठे वाजेल, कुठे ठेवलं जाईल. मुलाखतीनंतर : काय गाळायचं, नाव द्यायचं की नाही. बोललेल्या शब्दांवरचा हक्क बोलणाऱ्याचा असतो, म्हणून दुसऱ्या फॉर्मवर सही नसेल तर तो तुकडा वाजवता येत नाही. अटक, घरांचा ताबा, व्हिसा अशा विषयांत तिसऱ्याच जिवंत माणसाचं नाव सहज येऊन जातं. ते वाजवण्याआधी काढा.

परवानग्या आणि पैसे

फुटपाथवरून अठरा माणसं इतिहास ऐकत चालली तर परवानगी लागत नाही. पण फलक उंच धरून, घोषणा देत, एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ किंवा मागणीसाठी चाललात तर १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या ११ व्या कलमाखाली ती मिरवणूक ठरू शकते, आणि पोलिसांना सहा पूर्ण दिवस आधी लेखी कळवावं लागतं. सोपा मार्ग : फलक गुंडाळलेलाच ठेवा आणि सभागृहातच उघडा. मिरवणूकच हवी असेल तर रीतसर कळवा, त्यात अवघड काही नाही. विंडरश स्क्वेअरमध्ये टेबल किंवा तंबू टाकायचा तर कौन्सिलच्या कार्यक्रम विभागाची वेगळी परवानगी.

सभागृहवाले बहुधा सार्वजनिक दायित्वाचा विमा मागतात, अनेकदा ५० लाख पौंडांचा. आकडा ऐकून घाबरू नका, एका दिवसाचा हप्ता आवाक्यातला असतो. मद्य विकणार असाल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस लागते : शुल्क २१ पौंड, कामाचे दहा दिवस आधी. मद्य नको असेल तर ही झंझट नाही.

अनुदानासाठी नॅशनल लॉटरीचं अवॉर्ड्स फॉर ऑल बघा, ३०० ते २०,००० पौंड. संस्थेची लेखी घटना, तिच्या नावाचं बँक खातं आणि एकमेकांचे नातलग नसलेले किमान दोन पदाधिकारी हवेत. मंडळाच्या समितीत नवरा-बायको दोघंच सही करणारे असतील तर अर्ज तिथेच अडकतो. चार महिने आधी अर्ज करा.

आमचा अंदाज, दोन शिवण-बैठका आणि मुख्य दिवस धरून : सभागृह अकरा तास ३३० पौंड, शिवण शिकवणारी कलावंत ३००, दोन वक्त्या २००, साहित्य १२०, खाणं १५०, प्रवास आणि मुलांची देखभाल १५०, छपाई ६०, विमा ८०, छायाचित्रांचे हक्क ६०. बेरीज १,४५०, दहा टक्के अडीअडचणीला धरून १,६०० च्या आसपास. काटछाट करायची झाली तर छपाईत करा. मुलांच्या देखभालीला हात लावू नका. तो खर्च वगळला की ज्या बायकांसाठी हे सगळं करायचं त्याच घरी राहतात.

त्या दिवशी

साडेनऊला स्वयंसेवक, साडेदहाला पहिला गट, दहा मिनिटं कमी एकला दोन्ही गट आत. एक वाजता जेवण, पावणेदोनला आवाज, सव्वादोनला वक्त्या आणि मग फलक. भाषणाआधी जेवण द्या. नव्वद मिनिटं चाललेली माणसं उपाशीपोटी ऐकत नाहीत.

जेवण स्थानिक कॅरिबियन खानावळीतून मागवा, पैसे ब्रिक्स्टनमध्येच राहतील. राइस अँड पीजमध्ये राजमा आणि नारळाचं दूध असतं. शाकाहारी मंडळी पोटभर जेवतात, पण कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला नाही ना ते विचारून घ्या. घरचं काही आणायचं असेल तर दाण्याचं कूट घातलेलं काहीही नको. साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, सुकी चटणी सगळं त्यात आलं. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे गांभीर्याने घ्यायची गोष्ट आहे, आणि आपल्या पदार्थांत कूट दिसत नाही. प्रत्येक भांड्यापुढे घटकांची चिठ्ठी ठेवा.

चर्चेत पहिला प्रश्न कोण विचारणार ते आधी ठरवून ठेवा. नाहीतर माईक पहिल्या रांगेतल्या सर्वात बोलक्या गृहस्थाकडे जातो आणि प्रश्नाऐवजी भाषण सुरू होतं. एकाला एकच मिनिट, घड्याळ सर्वांना दिसेल असं.

फोटो नको असलेल्यांना नोंदणीच्या टेबलावर रंगीत टिकली द्या आणि छायाचित्रकाराला ती दाखवून ठेवा. व्हिसाच्या किंवा नोकरीच्या कारणाने चेहरा जाहीर होऊ न देणारी माणसं अशा कार्यक्रमांत हमखास असतात.

नंतरचा महिना

मानधनं त्याच आठवड्यात पोचवा. फलकाची घडी घालू नका, फेल्ट घडीवर कायमचं मोडतं. पुठ्ठ्याच्या रुंद नळीवर शिवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि वर जुनी धुतलेली सुती चादर बांधा. प्लॅस्टिकमध्ये दमट राहून बुरशी येते.

नव्या मुलाखती अर्काइव्हजला द्यायच्या असतील तर ध्वनिफाइल, उतरवलेला मजकूर, दोन्ही सह्यांचे फॉर्म आणि एका पानाची माहिती (कोणी, केव्हा, कुठे, किती मिनिटं) एकत्र न्या. मुलाखत दिलेल्या बाईला तिची प्रत त्याआधी द्या. फॉर्म नसलेली फाइल लोकांसमोर ठेवता येत नाही म्हणून सहसा स्वीकारत नाहीत, आणि सही राहिलेली व्यक्ती सहा महिन्यांनी शोधणं फार कठीण जातं. तेव्हा फॉर्मांची मोजणी कार्यक्रमाच्या दिवशीच, सभागृहाचं कुलूप लावण्याआधी करा.